पातं सेंटरला नाही

पत्र थोडक्यात: घोडबंदर रोडला राहणाऱ्या, शेहेचाळीस वर्षांच्या एका वाचकाचं हे पत्र. त्यांचे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, तेहेतीस वर्षं होते. वडिलांच्या खिशात कायम एक छोटा घडीचा चाकू असायचा. पेरू, काकडी, सुतळी, पेन्सिल, सगळं त्याच्यावरच. घर बदलताना तो हरवला. वडिलांच्या पंचाहत्तरीला यांनी फ्रान्समध्ये शिकणाऱ्या भाच्याला सांगून तिथल्या दुकानातून लायोल पद्धतीचा, शिंगाच्या मुठीचा चाकू आणवला. साडेएकोणीस हजार रुपये पडले. वडिलांनी तो उघडला, मिटला, खिडकीकडे धरून पाहिला, "पातं सेंटरला नाही" एवढंच म्हणाले आणि परत डबीत ठेवला. दोन महिने झाले, डबी कपाटात आहे. नंतर यांना स्वतःलाही आणखी दोन गोष्टी दिसल्या. शिंग आणि मुठीची पितळी टोपी यांच्यात केसाएवढी फट आहे, आणि या जातीच्या चाकूची खूण म्हणून पाठीवर असते ती मधमाशी एका अंगाला कललेली आहे. भाचा म्हणतो, "मामा, हाताने बनवलेल्या वस्तूत एवढं असतंच." बायको म्हणते, विषय सोडा. चाकू परत करावा, की फसलो असं समजून गप्प बसावं, हा प्रश्न. आणि शेवटची ओळ अशी: "बाबांना काही आवडतच नाही, असं वाटायला लागलंय."

नमस्कार,

भाच्याचं वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तो चांगल्या मनानेच बोलला असणार. इतक्या लांबून जपून आणलेल्या वस्तूला कुणी नाव ठेवलं की आणणारा तिची बाजू घेतोच. पण ज्या आजोबांच्या शेऱ्यावर हे बोललं गेलं, त्यांची सगळी नोकरी हाताने काम करण्यातच गेली. टूलरूममधला माणूस डायला, म्हणजे साच्याला, ब्लू नावाचा निळा रंग लावतो, कुठे टेकतंय ते बघतो, तेवढ्याच जागी कानस मारतो, पुन्हा ब्लू लावतो. मशीन जिथे थांबतं तिथून पुढचं बारीक काम हाताचं, असं ते जग. 'हाताने केलंय' म्हणजे 'थोडं इकडेतिकडे चालेल' हा अर्थ तिथे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

महागड्या वस्तू विकणाऱ्यांनी मात्र हा अर्थ आपल्याला पक्का शिकवलाय. पैठणी घेताना ऐकू येतो, चामड्याची पिशवी घेताना ऐकू येतो. तो सरसकट खोटा नाही, म्हणूनच पचतो. पैठणीच्या पदरावरचे दोन मोर तंतोतंत सारखे नसतात, ती विणणाऱ्याच्या हाताची खूण, आणि तिच्यासाठी आपण आनंदाने पैसे मोजतो. पण काठाजवळ जरीची तार सुटलेली असेल तर ती हयगय आहे. दोन्ही गोष्टी एकाच वाक्याखाली झाकल्या की गिऱ्हाईक गप्प बसतं. तुमच्या चाकूतल्या तीन उणिवांपैकी खूण कोणती आणि हयगय कोणती, हे वेगळं करूया. मग परत करायचं की नाही ते आपोआप सुटत जाईल.

मधमाशी लगेच बाजूला काढते. चांगल्या कारखान्यात ती आणि स्प्रिंगच्या पाठीवरची नक्षी कानशीने, हाताने कोरतात. किंचित कललेली असेल तर असू दे. कापताना तिचा काही संबंध नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या चाकूवर अगदी तशीच माशी नसणार, हेही तिच्यातलं सुख आहे.

'फसलो का' याचं उत्तर मात्र माशीवरून मिळत नाही. हे खूपजणांना माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. लायोल हे फ्रान्सच्या दक्षिण भागातलं, ओब्राकच्या पठारावरचं छोटं गाव. एकोणिसाव्या शतकापासून तिथल्या शेतकऱ्यांच्या, गुराख्यांच्या खिशातला हा चाकू. पुढे त्याचं उत्पादन बहुतांशी तिएर या गावाकडे गेलं, जे चाकूसुऱ्यांसाठी कित्येक शतकं प्रसिद्ध आहे. खुद्द लायोलमध्ये १९८७ साली नवा कारखाना उभा राहिला, तेव्हा तिथल्या धंद्यात पुन्हा जीव आला. दरम्यान नावावर कुणा एकाचा हक्क राहिला नव्हता. १९९३ मध्ये गावाबाहेरच्या एका उद्योजकाने ते नाव कितीतरी वस्तूंसाठी नोंदवून घेतलं. गाव कोर्टात गेलं आणि २०१२ मध्ये खालच्या कोर्टात हरलं, तेव्हा गावकऱ्यांनी चिडून गावाच्या नावाची पाटीच उतरवली होती. बाजारात लायोल म्हणून मिळणारे कितीतरी स्वस्त चाकू चीनमध्ये आणि पाकिस्तानात बनलेले असतात, आणि माशी त्यांच्यावरही असते. कोल्हापुरी म्हणून विकली जाणारी प्रत्येक चप्पल कोल्हापुराकडची नसते, तसंच हे.

म्हणून माशी सोडून पात्याच्या बुडाशी बघा. तिथे कारखान्याचं नाव किंवा शिक्का कोरलेला आहे का? बिलावर बनवणाऱ्याचं नाव, गाव आणि पोलादाची जात लिहिली आहे का? हे सगळं असेल तर तुम्ही फसलेला नाही. तुमच्याकडे खऱ्या कारखान्याचा, थोडा कमी काळजीने जुळवलेला चाकू आलाय, आणि तक्रार कुणाकडे करायची तेही ठरलेलं आहे. नुसतंच 'लायोल' लिहिलेलं असेल तर मात्र साडेएकोणीस हजार फार झाले.

आता पैशांचं. महाग चाकू जास्त चांगला कापतो, असं आपण धरून चालतो. फ्रान्समध्येच सावॉय भागात १८९० पासून ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा घडीचा चाकू बनतो. तो तुमच्या चाकूच्या एक दशांश किमतीतही मिळतो आणि टोमॅटो, सफरचंद अगदी तसंच कापतो. मग वरचे पैसे कशाचे? थोडे शिंगाचे, आणि बाकीचे जुळवणीचे. पातं, स्प्रिंग, आतले पत्रे, टोप्या, शिंगाचे दोन तुकडे हे सगळं एकमेकांत इतकं नेमकं बसवायचं की बोट फिरवलं तर सांधा लागू नये. म्हणजे बाबांनी ज्या जागी बोट ठेवलं, नेमके त्याच जागेचे पैसे तुम्ही मोजलेत. या किमतीला तक्रार करणं हा चिकित्सकपणा नाही. दोनशे रुपयांच्या चाकूबद्दल मी तुम्हाला हे म्हटलं नसतं.

तरीही 'सेंटरला नाही' याच्याही पायऱ्या असतात. चाकू मिटवा आणि पातं ज्या खाचेत जातं ती खाच डोळ्यांसमोर धरा. दोन पत्र्यांच्या मध्ये पातं दिसेल. साध्या वहीच्या कागदाची बोटभर लांब पट्टी कापून घ्या, पात्याच्या एका बाजूने खाली सरकवा, मग दुसऱ्या बाजूने. दोन्हीकडून गेली तर पातं कलतंय पण घासत नाही. एका बाजूला अडली तर घासतंय. मग पातं उघडून त्या अंगावर उजेड पाडा, मुठीकडून टोकाकडे बारीक ओरखडे दिसतील. नुसतं कलणं बऱ्याच हाताने जुळवलेल्या चाकूंत सापडतं. मी ते सोसून घेईन, पण कळवून. घासणं मात्र मी सोसणार नाही.

याहून महत्त्वाची एक तपासणी तुमच्या पत्रात नाही. पातं पूर्ण उघडा, मूठ घट्ट धरा आणि पात्याचं टोक दोन बोटांत पकडून डावीउजवीकडे हलवा. किंचितही खेळ लागला, किंवा आतून हलकं 'कट्' झालं, तर पुढचा विचार करू नका, परत पाठवा. या चाकूला कुलूप नसतं. उघडलेलं पातं फक्त पाठीच्या स्प्रिंगच्या जोरावर उभं राहतं, आणि ज्या रिव्हेटवर ते फिरतं तीच सैल असेल तर ती दिवसेंदिवस आणखी सैल होत जाणार. मुद्दा बोटांचा आहे, आणि पंचाहत्तरीच्या बोटांचा आहे.

तिसरी गोष्ट मी पैसे घालवून शिकले. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून असाच पाठीच्या स्प्रिंगचा चाकू घेतला होता, बराच महाग. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं, की आंबा कापताना धार एका ठरावीक जागी अडतेय. दिव्याखाली धरला तर धारेवर त्याच जागी मोहरीएवढा ठिपका चमकत होता. चांगली धार उजेडात चमकत नाही. ती इतकी बारीक असते, की उजेड परतवायला तिच्यावर जागाच नसते. चमकली म्हणजे तिथे ती चेपली आहे. मी चाकू फटकन मिटवत होते आणि दर वेळी धार आतल्या स्प्रिंगवर आपटत होती. दुकानदाराने मला हे सांगितलं नव्हतं, आणि नंतर विचारल्यावर सगळी चूक माझीच ठरवली. निम्मी माझी होतीही. या जातीचा चाकू मिटवताना पातं शेवटपर्यंत बोटाने सोबत करत, सावकाश आत न्यायचं असतं. आवाज ऐकायला म्हणून सोडून द्यायचं नाही. बाबांच्या जुन्या चाकूची सवय वेगळी असेल, तर हे त्यांना आधीच सांगा.

तो ठिपका काढायला मी चाकू रस्त्यावरच्या धारवाल्याकडे नेला, ही माझी दुसरी चूक झाली असती. त्यानेच मला वाचवलं. पातं उलटसुलट करून म्हणाला, "ताई, हे चाकाचं काम नाही, दगडावर हाताने घासा." त्याचं बरोबर होतं. फिरत्या साणेवर पातळ पातं क्षणात तापतं, आणि कडेला निळसर झाक आली की तिथला कडकपणा गेलाच म्हणून समजा. पाण्याने भिजवलेला बारीक दगड, दोन्ही बाजूंना सारखे हात, एवढं पुरतं. हे तुमच्या बाबांना मी शिकवायला नको. नवा चाकू जरा बोथट आला तर त्याला दोष मानू नका, एवढं इतर वाचकांसाठी.

उरली फट. इथे आपली ठाण्याची हवा मध्ये येते. शिंग जिवंत वस्तूसारखं वागतं. दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि दोन्ही बाजूंनी सारखं फुगलं नाही तर टोकाला उचललं जातं. तिकडच्या थंड हवेत जुळवलेली मूठ थेट आपल्या पावसाळ्यात आली, त्यात दिवसा खाडीकडचा वारा आणि रात्री एसी. तेव्हा ती फट कारखान्यातूनच आली की इथे पडली, हे आज तुम्हाला सांगता येणार नाही आणि मलाही नाही. तिच्यावरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर एका कागदावर आजची तारीख टाका, मोबाईलवर जवळून फोटो काढा आणि डिसेंबरमध्ये, हवा कोरडी झाल्यावर पुन्हा बघा. नख अडकत असेल तर ती दुरुस्त करून घ्यायलाच हवी. फळांचा रस त्यात जाऊन बसतो, आणि आपल्याकडच्या ओलीत तिथे बुरशी धरायला आठवडाही लागत नाही.

पोलाद कोणतं, तेही बिलावरून समजून घ्या. १२सी२७ असं काही लिहिलं असेल तर ते स्वीडनचं न गंजणारं पोलाद, साधारण साडेतेरा टक्के क्रोमियमचं. आपल्या हवेला तेच बरं. साधं कार्बन पोलाद असेल तर धार झटकन लागते, पण कैरी किंवा लिंबू कापलं की पातं काळपट पडतं. तो रंग दोष नाही. तांबूस गंज मात्र दोष आहे. वापरून झाल्यावर लगेच पुसायचं, आणि जिथे पातं फिरतं तिथे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाकून जास्तीचं टिपून घ्यायचं. खोबरेल घालू नका. ते थंडीत थिजतं, आणि आत राहून चिकटतं.

आता परत करण्याचं. युरोपीय संघातल्या दुकानातून घेतलेल्या नव्या वस्तूवर ग्राहकाला कायद्यानेच किमान दोन वर्षांचं संरक्षण असतं. वस्तूत मूळचा दोष असेल तर विकणाऱ्याने ती दुरुस्त करून किंवा बदलून द्यायची. दुकानातून घेतली म्हणून 'आवडली नाही' या कारणाने परत घ्यायला ते बांधील नसतात, पण घासणारं पातं किंवा सैल रिव्हेट ही नावडीची गोष्ट नाही. तेव्हा घाई नाही. बिल भाच्याच्या नावावर असेल, तर त्यालाच आज तीन-चार फोटोंसह दुकानाला आणि कारखान्याला लिहायला सांगा. शब्द साधे: पातं या बाजूला घासतं, फट इथे आहे, आपण काय कराल? 'फसवणूक' हा शब्द नको. चाकू पुढच्या वेळी भाचा येईल तेव्हा त्याच्याबरोबर जाऊ दे. मात्र तो विमानात आत न्यायच्या पिशवीत चालत नाही, चेक-इन केलेल्या बॅगेतच ठेवायचा. इथल्या संकेतस्थळावरून किंवा दुकानातून घेतलेल्या वाचकांसाठी: २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या बाजूने आहे. आधी विक्रेत्याला लेखी कळवा, दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

एक विनंती. कारखान्याचं उत्तर येईपर्यंत बाबांना तो चाकू व्हाइसमध्ये धरू देऊ नका. त्यांना ते पातं सेंटरला आणता येईल याची मला जवळजवळ खात्री आहे. रिव्हेटवर दोन हलके ठोके कुठे द्यायचे, हे त्यांना दिसलंही असेल. पण एकदा आपण हात लावला की कारखाना हात वर करू शकतो.

आणि बाबा तो खिशात घालून तलावपाळीला फिरायला जाणार असतील तर हेही माहीत असू दे. परवाना लागतो तो साधारणपणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांना, आणि घरगुती कामासाठीच्या वस्तू त्यातूनही वगळलेल्या आहेत. तुमच्या चाकूचं पातं चार इंचांच्या आसपास असेल. पण ठाणे आणि नवी मुंबई पोलीस सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, आणि त्यात सार्वजनिक जागी सुरे, चाकू बाळगायलाही बंदी असते. म्हातारा माणूस पेरू कापायला चाकू ठेवतो, हे हवालदाराला समजावत बसायची वेळ त्यांच्यावर येऊ नये. घरात, गॅलरीत, गावाला, तिथे बिनधास्त वापरावा.

आता तुमची शेवटची ओळ. "बाबांना काही आवडतच नाही." त्या दिवशी त्यांनी काय केलं, ते तुम्हीच फार नीट लिहिलंय: उघडला, मिटला, खिडकीकडे धरला. ज्याला वस्तू आवडलेली नसते तो "छान आहे" म्हणून टेबलावर ठेवतो. खिडकीकडे धरत नाही. तुम्ही दिलेली वस्तू त्यांनी आयुष्यभर ज्या नजरेने जॉब, म्हणजे बनवून आलेला भाग, पाहिला त्याच नजरेने पाहिली, आणि जे दिसलं ते सांगितलं. टूलरूममध्ये रिजेक्ट झालेल्या जॉबवर शेरा लिहितात. पास झालेल्या जॉबचं कौतुक कुणी करत नाही, तो पुढे जातो. त्यांच्या एका वाक्यात शेरा तेवढा होता, आणि तुम्ही त्यात नकार ऐकलात. तुम्हाला लागलं, हे मला कळतं. महिनोन्महिने मनात धरून ठेवलेली भेट होती ती. पण त्या वाक्यानंतर तुम्ही काय विचारलंत? पत्रात काहीच नाही. मला वाटतं, तुम्हीही डबी मिटवलीत.

माझा अंदाज चुकतही असेल. कदाचित त्यांना किंमत कळली असेल आणि एवढी महाग वस्तू पेरूला लावायला जीव होत नसेल. कदाचित त्यांना त्यांचा तो जुनाच चाकू हवा असेल, ज्याची जागा कुठलाच नवा चाकू घेऊ शकत नाही. तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. एक साधा, स्वस्तातला घडीचा चाकू त्यांना रोजच्यासाठी आणून द्या आणि हा दुरुस्त होऊन आला की तुम्ही वापरा. पण हे त्यांना विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि कपाटातल्या डबीला तर नाहीच.

येत्या रविवारी दुपारी डबी काढा आणि त्याच खिडकीपाशी त्यांच्या शेजारी बसा. "बाबा, तुमचं बरोबर होतं, मी कारखान्याला लिहितोय, पण नेमकं काय लिहू?" असं विचारा. तेहेतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाच्या घरी, कुठल्यातरी पत्र्याच्या डब्यात, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, असणारच. ते त्यांना काढायला सांगा. पात्याच्या डावीकडे किती, उजवीकडे किती, फटीत कोणती पट्टी जाते, ते त्यांनी सांगावं आणि तुम्ही लिहून घ्यावं. आकडे आले की मलाही कळवा.